ऑनलाइन ऑर्डर नेमकी कुठून निघते आणि ती स्वतः जाऊन कधी घेता येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ज्या दुकानाची शाखा आपल्याच शहरात आहे, त्याच्याच वेबसाइटवर ऑर्डर दिली, तरी पार्सल चार दिवसांनी कुठल्या तरी लांबच्या गावाहून का येतं? ते कुठून निघणार हे पैसे भरण्याआधी कळू शकतं का? आणि घाई असेल तर सरळ जाऊन ताब्यात घेता येतं का?

गोदामातला साठा आणि ऑर्डरींचं वाटप हेच काम मी वर्षानुवर्षं करत आले आहे, म्हणून आधी मुद्द्याचं सांगते. कंपनीचं मुख्यालय कुठे आहे, शाखा कुठे आहे, खोक्यावर कुठला पत्ता छापला आहे, यातल्या कशावरूनही तुमची वस्तू कुठून निघेल ते ठरत नाही. त्या एका वस्तूचा मोकळा साठा त्या क्षणी कुठे आहे आणि तो कोणाच्या मालकीचा आहे, यावर ते ठरतं. त्यामुळे ‘हे दुकान माल कुठून पाठवतं?’ या प्रश्नाला बहुतेक मोठ्या दुकानांच्या बाबतीत एकच एक उत्तर नसतं. काल मागवलेली आणि आज मागवलेली तीच वस्तूसुद्धा दोन वेगळ्या गोदामांतून येऊ शकते.

तुम्ही पैसे भरलेत की वाटपाची प्रणाली हिशेब मांडते. वस्तू कुठे कुठे शिल्लक आहे, तिथून तुमच्या पिनकोडला कोणती कुरिअर सेवा जाते, कबूल केलेली तारीख गाठता येईल का, तिथली आजची शेवटची गाडी निघून गेली का, त्या गोदामावर आधीच किती ऑर्डरी तुंबल्या आहेत. अंतर हा या हिशेबातला फक्त एक आकडा आहे आणि तो बऱ्याचदा हरतो. समजा तुम्ही एकाच ऑर्डरमध्ये प्रिंटर आणि शाईची कार्ट्रिज मागवलीत. जवळच्या गोदामात फक्त कार्ट्रिज आहे, लांबच्या गोदामात दोन्ही आहेत. दोन ठिकाणांहून दोन खोकी पाठवण्यापेक्षा लांबून एकच खोकं पाठवणं स्वस्त पडतं, म्हणून प्रणाली सगळी ऑर्डर लांबच्या गोदामाला देते. हाताशी असलेली कार्ट्रिजही मग चार दिवसांनीच येते. यावर उपाय सोपा आहे: जी वस्तू तातडीने हवी, तिची ऑर्डर वेगळी द्या. पाठवणीचा खर्च कदाचित वाढेल, पण ती वस्तू दुसऱ्या कशासाठी अडकून पडणार नाही.

मग सगळा माल सगळ्या गोदामांत का ठेवत नाहीत, असं लोक हमखास विचारतात. साठ्याच्या नियोजनात वर्गमुळाचा एक ठोकताळा वापरतात. प्रत्येक भागातली मागणी स्वतंत्रपणे कमीजास्त होत असेल, तर अडीअडचणीसाठी ठेवायचा जादा साठा गोदामांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. एका गोदामाची 4 गोदामं केली की हा साठा दुप्पट लागतो, 9 केली की तिप्पट. रोज शेकड्यांनी खपणाऱ्या चार्जिंग केबलच्या बाबतीत तो खर्च सहज निघतो. महिन्याला दोन-चार जोड खपणाऱ्या अगदी मोठ्या मापाच्या बुटांच्या बाबतीत निघत नाही. म्हणून पटापट खपणारा माल शहरांच्या आसपास पसरलेला असतो आणि मंद खपणारा माल एक-दोन मध्यवर्ती गोदामांत. तुमची वस्तू जितकी चारचौघांपेक्षा वेगळी, मग तो रंग असो, माप असो की जुनं मॉडेल, तितकी ती लांबून येण्याची शक्यता जास्त. मापाचा किंवा रंगाचा पर्याय बदलल्यावर पानावरची पोचण्याची तारीख बदलते ती याचमुळे. ती तारीख बदलताना पाहणं हा वस्तू कुठे आहे याचा अंदाज घेण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे. पिनकोड टाका, एकेक पर्याय निवडून पाहा. ज्याची तारीख उद्याची दिसते तो बहुधा जवळ आहे.

वस्तूचं स्वरूपही मध्ये येतं. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं, हा त्यातला सर्वांत रुळलेला हिशेब. 50 × 40 × 30 चं खोकं या हिशेबाने 12 किलोचं धरलं जातं, मग आत 3 किलोची उशी का असेना. असा अवजड माल लांब विमानाने पाठवणं कोणालाच परवडत नाही. तो जवळ असेल तर लवकर मिळतो, नसेल तर रस्त्याने सावकाश येतो. बॅटऱ्यांचं आणखी वेगळं आहे. 1 एप्रिल 2016 पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेता येत नाहीत, आणि पॉवर बँक याच वर्गात मोडते. मालवाहू विमानातही त्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज असून चालत नाही. बाकीची ऑर्डर दोन दिवसांत आली आणि पॉवर बँक मागे राहिली, तर कोणी हलगर्जी केली असं लगेच समजू नका.

आता मालकीचा मुद्दा. बाजारपेठेसारख्या चालणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांवर एकाच पानावर तीन-चार तऱ्हेचा माल असतो. काही माल संकेतस्थळाचा स्वतःचा. काही माल बाहेरच्या विक्रेत्याचा, पण संकेतस्थळाच्या गोदामात ठेवलेला. अ‍ॅमेझॉनने ही सोय विक्रेत्यांना 2006 मध्ये दिली आणि नंतर इतरांनीही तोच रस्ता धरला. काही माल विक्रेता स्वतःच्या जागेतून पाठवतो. आणि काही विक्रेत्यांकडे माल नसतोच. ऑर्डर आली की ते ती उत्पादकाकडे किंवा घाऊक व्यापाऱ्याकडे सरकवतात आणि पार्सल तिथूनच निघतं. पानावर ‘विक्री कोणाची’ आणि ‘पाठवणी कोणाची’ या दोन ओळी वेगळ्या असतात. बहुतेक जण पहिली वाचतात. वेग आणि ठिकाण दुसरीवरून कळतं. विक्रेत्याचं नाव ओळखीचं, पण पोचण्याची मुदत दहा ते पंचवीस दिवस अशी ऐसपैस दिलेली असेल, तर माल त्याच्या हातात नाही असं धरून चाला. परतीचा पत्ता परदेशातला असेल तर ती शक्यता आणखी वाढते.

ऑर्डर दिल्यानंतर ट्रॅकिंग बघताना दोन-तीन गैरसमज वारंवार दिसतात. पहिला ‘लेबल तयार झालं’ किंवा ‘पाठवणीची माहिती मिळाली’ या नोंदीचा. याचा अर्थ इतकाच की संगणकाने कुरिअरला निरोप दिला. वस्तू अजून रॅकवर असू शकते. पार्सल खरोखर कुठून निघालं हे पहिल्या प्रत्यक्ष स्कॅनवरून समजतं, म्हणजे जिथे कुरिअरने ते हातात घेतल्याची नोंद होते तिथून. दुसरा गैरसमज खोक्यावरच्या पत्त्याचा. पाठवणाऱ्याच्या जागी छापलेला पत्ता पुष्कळदा परत आलेला माल घेणाऱ्या केंद्राचा किंवा नोंदणीकृत कार्यालयाचा असतो. त्या पत्त्यावर पार्सल मागायला गेलेल्या माणसाला तिथे टेबलखुर्च्यांखेरीज काही सापडत नाही.

टपालाने आलेल्या आंतरराष्ट्रीय पार्सलचा क्रमांक मात्र खरंच काही सांगतो. जागतिक टपाल संघाच्या पद्धतीप्रमाणे तो 13 अक्षरांचा असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरं. शेवटची दोन अक्षरं क्रमांक देणाऱ्या टपालसेवेचा देश दाखवतात. पण तो माल बनल्याचा देश असेलच असं नाही, आणि माल ठेवलेला देशही असेलच असं नाही. पुष्कळ विक्रेते हजारो पाकिटं एकगठ्ठा दुसऱ्या देशात नेतात आणि तिथल्या टपालात टाकतात, कारण तिथला दर सोयीचा पडतो. वस्तूवरच्या बारकोडच्या पहिल्या आकड्यांवरून देश ओळखण्याची युक्ती तर सोडूनच द्या. ते आकडे कंपनीने बारकोड कोणत्या देशातल्या संस्थेकडून घेतला एवढंच सांगतात.

पार्सल आपल्या गावाजवळून पुढे निघून गेलं आणि परत मागे आलं, हे पाहून माणसं चिडतात. यामागे केंद्र आणि फाटे ही रचना आहे. फेडएक्स या अमेरिकी कुरिअर कंपनीने 17 एप्रिल 1973 च्या रात्री मेम्फिस शहरातून आपली सेवा याच पद्धतीने सुरू केली. त्या पहिल्या रात्री 25 शहरांसाठी 186 पार्सलं होती. सगळीकडचा माल एका ठिकाणी आणायचा, तिथे वाटायचा आणि पहाटे परत पाठवायचा. दर दोन शहरांमध्ये थेट गाडी चालवायची तर अर्ध्या गाड्या रिकाम्या धावतील. तुमच्या गल्लीपासून दहा किलोमीटरवर असलेल्या गोदामातलं पार्सलही मोठ्या केंद्राला जाऊन येतं ते याच कारणाने. जवळ असणं आणि लवकर पोचणं यांची सांगड इथे तुटते.

परदेशातून येणाऱ्या मालाबद्दल एवढंच बघा की सीमाशुल्क आणि कर विक्रेता आधीच भरून पाठवणार आहे की दाराशी तुमच्याकडून घेतले जाणार आहेत. स्वस्त पार्सलांना मिळणारी सूट हल्ली ठिकठिकाणी आखडली आहे. युरोपीय संघाने 22 युरोपर्यंतच्या मालावरची करमाफी 1 जुलै 2021 पासून काढली. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून थांबवली. परिणामी विक्रेते माल आधीच एकगठ्ठा आयात करून ग्राहकाच्या देशातल्या गोदामात ठेवण्याकडे जास्त वळतात. म्हणून परदेशी ब्रँड म्हणजे परदेशातून पार्सल हे समीकरण आता धरून बसू नका.

आता स्वतः जाऊन घेण्याबद्दल. याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि त्यांचा वेग एकमेकांशी अजिबात जुळत नाही, तरी पानावर सगळ्यांना ‘पिकअप’ असंच लिहिलेलं असतं.

सर्वांत वेगवान प्रकार म्हणजे त्या दुकानाच्या रॅकवरचीच वस्तू तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवणं. यात वाहतूक नसते, त्यामुळे तास-दोन तासांत निरोप येतो. पण याची एक कमकुवत बाजू आहे, ती नीट समजून घ्या. दुकानातल्या साठ्याची नोंद गोदामाइतकी काटेकोर सहसा नसते. पानावर ‘1 शिल्लक’ दिसतं, तुम्ही ऑर्डर देता, दुकानातल्या मुलीच्या हातातलं यंत्र वाजतं. ती रॅकपाशी जाते, जागा रिकामी. मग ट्रायल रूमबाहेरचा ढीग बघते, परत आलेल्या मालाची टोपली बघते, मागच्या खोलीतली न उघडलेली खोकी बघते. वस्तू तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात असते, चोरीला गेलेली असते, नाहीतर फाटलेल्या खोक्यात असते, जी तुम्हाला देता येणार नाही. ठरलेला वेळ संपला की ती ‘सापडली नाही’ हे बटण दाबते. तिथून ऑर्डर रद्द होते किंवा दुसऱ्या ठिकाणाला जाते, आणि तुमच्या ‘आज तयार’चं ‘तीन दिवसांनी’ होतं. यासाठीच पुष्कळ दुकानं शेवटचे एक-दोन नग वेबसाइटवर दाखवतच नाहीत. तेव्हा दुकानात शिल्लक तीन-चार किंवा जास्त दिसत असेल तर निर्धास्त ऑर्डर द्या. एकच दिसत असेल तर आधी फोन करून ‘प्रत्यक्ष रॅकवर बघून सांगता का?’ असं विचारा. आणि ‘तयार आहे’ असा निरोप आल्याखेरीज घरातून निघू नका. ऑर्डर स्वीकारल्याची पोच वेगळी आणि तयार असल्याचा निरोप वेगळा. पहिल्याच निरोपावर निघालेली माणसं काउंटरवर ताटकळताना मी नेहमी बघते.

दुसऱ्या प्रकारात माल मध्यवर्ती गोदामातून दुकानात पाठवला जातो आणि तुम्ही तिथून नेता. हा घरपोचपेक्षा लवकर असतोच असं नाही. दुकानाला माल पुरवणारी गाडी आठवड्यातून ठरावीक वारी जात असेल तर उशिराच. याचा खरा फायदा पाठवणीचा खर्च वाचण्यात आणि काउंटरवर उघडून पाहता येण्यात आहे. पानावर ‘आज’ किंवा ‘2 तासांत’ लिहिलं असेल तर पहिला प्रकार, तारीख दिली असेल तर हा दुसरा.

तिसरा प्रकार लॉकरचा, म्हणजे कोड टाकून उघडायच्या पार्सलच्या कप्प्यांचा, किंवा शेजारच्या भागीदार दुकानाचा. जर्मनीत डॉइचे पोस्ट-डीएचएलने पाकस्टाशिओन नावाची कपाटं 2001 मध्येच आणली. पोलंडमध्ये इनपोस्ट या कंपनीच्या लॉकरांनी लोकांची सवयच बदलली. दिवसा घरी कोणी नसणाऱ्यांसाठी माझ्या मते याहून चांगली सोय नाही. कुरिअरवाल्यालाही एका फेरीत कित्येक पार्सलं एकाच जागी टाकता येतात आणि दार बंद असल्यामुळे होणारी फुकट फेरी वाचते. मर्यादा एवढीच की कप्प्याच्या मापाबाहेरचं, फार वजनदार किंवा फार किमती सामान तिथे जात नाही. लॉकर भरलेला असेल तर पार्सल दुसऱ्याच केंद्रावर वळवलं जातं, तेव्हा निरोपातला पत्ता दर वेळी वाचा.

चौथा प्रकार कुरिअरच्या स्थानिक केंद्रावरून घेणं. ‘माल केंद्रात पोचला’ अशी नोंद दिसली की लोक लगेच धावतात. पण पार्सल त्या वेळी उतरवलेल्या बॅगांच्या ढिगात असतं किंवा सकाळच्या गाडीत भरलेलं असतं. आधी अ‍ॅपमधून किंवा फोनवरून ‘केंद्रावर राखून ठेवा’ अशी सूचना द्या, ती नोंदली गेल्याचा निरोप येऊ द्या, मग जा. सगळ्या केंद्रांवर ग्राहकांसाठी खिडकी नसते, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

राहिला तो प्रश्न जो सर्वांत जास्त विचारला जातो: गोदाम जवळच आहे, तिथूनच का देत नाहीत? याचं उत्तर आतल्या कामाच्या पद्धतीत आहे. पुष्कळ मोठ्या गोदामांत माल प्रकारवार लावलेला नसतो. जिथे कप्पा रिकामा तिथे वस्तू ठेवायची आणि वस्तूचा व कप्प्याचा बारकोड स्कॅन करायचा. शाम्पूच्या बाटलीशेजारी शब्दकोश, त्याच्या मागे हेडफोन. कुठली वस्तू कुठे आहे हे फक्त प्रणालीला ठाऊक असतं. अ‍ॅमेझॉनने 2012 मध्ये किवा सिस्टिम्स ही यंत्रमानव बनवणारी कंपनी विकत घेतली, त्यानंतर त्यांच्या पुष्कळ गोदामांत रॅकच चालत माणसापाशी येतो आणि रॅकांच्या भागात माणसांना जायला बंदी असते. माणसांनी चालून माल गोळा करायचा असेल तिथेही पिकर, म्हणजे माल गोळा करणारा कामगार, एका वेळी एक ऑर्डर उचलत नाही. वीस-तीस ऑर्डरींचा माल एका फेरीत गोळा होतो, पॅकिंगच्या टेबलावर वेगळा होतो, लेबल लागतं आणि पार्सल पट्ट्यावरून घसरत पिनकोडवार बॅगेत पडतं. बॅग भरली की सील. त्यानंतर एक पार्सल बाहेर काढायचं म्हणजे सील तोडून सगळ्या बॅगेची नोंद पुन्हा करायची. शिवाय फाटकावर गिऱ्हाईक आलं की सुरक्षा, विमा, फोर्कलिफ्टची वर्दळ हे सगळे प्रश्न उभे राहतात. म्हणून मोठ्या गोदामाच्या दाराशी जाऊन विनवण्या केल्या तरी पहारेकरी तुम्हाला आत सोडणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

लहान विक्रेत्यांची गोष्ट निराळी. दहा-वीस ऑर्डरी स्वतः बांधणारा माणूस तुम्हाला आनंदाने बोलावतो, कारण त्याचा पाठवणीचा खर्च वाचतो. फक्त हे ऑर्डर देण्याआधी ठरवा, फोनवर नको, लेखी संदेशात. त्याने तुम्हाला संकेतस्थळाबाहेर पैसे द्यायला सांगितलं तर नकार द्या, कारण मग संकेतस्थळाचं संरक्षण तुमच्या व्यवहाराला राहत नाही. फर्निचर किंवा मोठी यंत्रं विकणाऱ्यांच्या गोदामांना बहुधा ग्राहकांसाठी माल गाडीत चढवायचा वेगळा धक्का आणि ठरलेली वेळ असते. तिथे जाताना खोक्याची मापं आधी मागून घ्या आणि गाडीत मावेल का ते मोजूनच निघा.

पैसे कुठे भरता याकडेही लक्ष असू द्या. ऑनलाइन भरले तर तो दुरून केलेला व्यवहार ठरतो, आणि युरोपीय संघासारख्या ठिकाणी अशा बहुतेक खरेदीला 14 दिवसांत कारण न देता माल परत करण्याचा हक्क मिळतो. ऑनलाइन फक्त राखून ठेवून पैसे दुकानात दिले, तर तो हक्क लागू होईलच असं नाही. मग दुकानाचं स्वतःचं धोरण चालतं. महाग वस्तू घेताना आपल्याकडचा नियम आधी वाचून मगच भरण्याची पद्धत निवडा.

घ्यायला जाताना ऑर्डर क्रमांक, कोड आणि ओळखपत्र न्या. दुसऱ्या कोणाला पाठवणार असाल तर त्याचं नाव ऑर्डरमध्ये आधी घाला; नुसता कोड सांगून किमती वस्तू बहुतेक ठिकाणी देत नाहीत. काउंटर सोडण्याआधी खोकं उघडून मॉडेल क्रमांक आणि काच किंवा स्क्रीन तपासा, कारण तिथल्या तिथे बदलून मिळणं घरी आल्यावर तक्रार करण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. आणि पार्सल किती दिवस राखून ठेवतील ती मुदत बघा. लॉकरमध्ये ती बऱ्याचदा दोन-तीन दिवसांचीच असते, दुकानात सहसा थोडी जास्त. जमणार नसेल तर मुदत संपायच्या आदल्या दिवशीच वाढवून मागा. एकदा ते परतीच्या बॅगेत गेलं की मध्ये थांबवता येत नाही, आणि पैसे परत मिळायला पार्सल गोदामात पोचून स्कॅन होईपर्यंत वाट पाहावी लागते.